गुडघ्याचा खुलासा

साहेब, माझा गुडघा दुखत नव्हता. तो कधीच दुखला नाही. तो तुम्ही दुखवलात, आणि आता वर मलाच विचारताय की न दुखणाऱ्या गुडघ्याला मी छापखान्याचं मलम का चोळलं!

तुम्ही आमच्या छापखान्याच्या दवाखान्याचे प्रशासकीय अधिकारी. डॉक्टर येतात आठवड्यातून एकदा, सह्या करतात आणि जातात. बाकीचा दवाखाना तुमच्या हुकमाने चालतो. मी बाइंडिंग विभागाचा सुपरवायझर. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, कापली, चिकटवली. तुमची नोटीस मिळाली. ‘खोट्या आजारावर उपचार, पट्टे आणि बसून करायचं काम मिळवल्याबद्दल थोडक्यात खुलासा करावा.’ थोडक्यात होणार नाही. थोडक्यात सांगायला गेलो म्हणूनच तर गुडघा झाला.

मला काय झालं होतं ते आधी लिहून टाकतो. रात्री बायकोजवळ गेलो की ऐनवेळी माझं लिंग ताठ होत नव्हतं. आधी कधीतरी, मग वरचेवर, मग नेहमीच. झालं लिहून. कागद फाटला नाही, शाई वाळली नाही, पेन हातातच आहे. एवढं एक वाक्य तोंडातून बाहेर पडावं म्हणून मला जे जे करावं लागलं, ते वाचताना साहेब, खुर्ची घट्ट धरून बसा.

पहिल्यांदा मी तुमच्याच दारात आलो होतो. दारात म्हणजे खिडकीत. ही खिडकी तुम्ही कधी बाहेरच्या बाजूने पाहिली आहे? ती अशा उंचीवर आहे की उभं राहिलं तर तोंड पोहोचत नाही आणि बसलं तर दिसत नाही. त्यामुळे माणसाला कमरेत वाकून, मागच्या बाकावरच्या मंडळींकडे पाठ करून, आपलं दुखणं ओरडून सांगावं लागतं. आत तुमचा कंपाउंडर. त्याला आम्ही भोंगा म्हणतो. का म्हणतो ते पुढे कळेलच.

“तक्रार?” भोंगा म्हणाला.

“जरा खासगी आहे.”

“काय आहे?”

“खासगी, खासगी.”

भोंग्याने मान मागे वळवली आणि छपाईच्या मशीनच्या आवाजावर मात करेल अशा सुरात तुम्हाला विचारलं, “साहेब, एका माणसाची खासगी तक्रार आहे! खासगीचा रकाना नाही, कशात घालू?”

आणि आतून तुमचा आवाज आला. तोच तो, ओळखीचा. “अवयव विचार!”

“अवयव कुठला?” भोंगा.

माझ्या मागच्या बाकावर कोण होतं? कटिंग मशीनवरचा मिशीवाला होता. त्याचा मुलगा माझ्या मुलीबरोबर एकाच वर्गात शिकला. शेजारी शिलाई विभागातल्या ताई होत्या. त्या मला भाऊ मानतात आणि माझ्या बायकोशी दर दोन दिवसांनी फोनवर बोलतात. सगळे श्वास रोखून माझ्या अवयवाची वाट बघत होते.

“गुडघा,” मी म्हणालो.

सांगा, दुसरा कुठला अवयव सुचला असता? मला तर गुडघा सुचला हेच नवल!

“डावा की उजवा?”

“डावा.”

मलम मिळालं. आनंदाने बाहेर पडलो, म्हणजे पडणार होतो, तेवढ्यात ताई म्हणाल्या, “भाऊ, दुखऱ्या पायावर असा सगळा भार देऊन चालू नका, वाढेल.” तेव्हा लक्षात आलं की आपण लंगडत चाललं पाहिजे. लंगडलो. एकदा लंगडायला सुरुवात केली की साहेब, थांबायचं कुठे हे कुणी सांगत नाही. पुढच्या आठवड्यात गुडघ्याला बांधायचा पट्टा आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात “हलकं काम द्यावं” असा तुमचा कागद आला आणि मला उंच स्टुलावर बसवून छापील कागदांच्या घड्या, म्हणजे फर्मे, मोजायला लावलं. कागदांचे गठ्ठे उचलायचं माझं काम मिशीवाल्याने आपणहून अंगावर घेतलं. “तुमचा गुडघा तो आमचा गुडघा,” म्हणाला. ही माणुसकी बघून मला रडू यायचं, आणि ताईंना वाटायचं की कळ आली.

एके दिवशी घाईत मी उजव्या पायाने लंगडलो. चूक झाली. माणूस दोन्ही पाय घेऊन जन्माला येतो, कधीतरी गफलत होणारच. ताई लगेच म्हणाल्या, “अगंबाई, दुसऱ्याही पायात उतरलं का?” दुपारपर्यंत भोंग्याने दुसरा पट्टा दिला. दोन्ही पायांना पट्टे बांधून, यंत्रमानवासारखा ताठ चालत मी घरी जायचो. सबंध माणूस ताठ झाला होता, फक्त जे व्हायला हवं होतं ते सोडून! आणि या साऱ्या काळात तुमच्या दवाखान्यात कुणी माझा रक्तदाब मोजला नाही, की साखर तपासली नाही. अवयवाच्या बाहेर जायचं नाही, असा तुमचा नियम.

आता घरचं. माझी बायको सुट्या भागांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. हजारो नट, बोल्ट, वॉशर कुठल्या कप्प्यात आहेत ते तिला पाठ असतं. नवऱ्याचा गुडघा दुखतो हे मात्र तिला ताईंकडून कळलं. तिला फार लागलं ते. तरी तेल गरम करून घेऊन आली आणि माझा धडधाकट गुडघा चोळायला बसली.

चोळता चोळता म्हणाली, “अहो, एक विचारू?”

“विचार की.”

“हल्ली दिवा बंद करायच्या आधीच तुम्ही घोरायला लागता. इतकी पटकन झोप कुणाला लागते? माझं काही चुकलं का?”

साहेब, इथे बोलायला हवं होतं. समोर खिडकी नव्हती, भोंगा नव्हता, बाकावर कुणी नव्हतं. पण तुमच्या खिडकीची मला इतकी सवय झाली होती की तोंडातून आपोआप तेच आलं. “गुडघा गं.”

तिने हात थांबवला. माझ्याकडे नीट बघितलं. स्टोअरमध्ये हिशेबात न बसणारा माल आला की ती तशी बघते. मग तेलाची वाटी उचलली, आपली उशी उचलली आणि पलीकडच्या खोलीत गेली. “तुमच्या गुडघ्याला धक्का नको,” एवढंच म्हणाली. त्या रात्री तिची उशी जी गेली ती गेली. इतक्या वर्षांचा संसार, आणि तो एका उशीएवढ्या अंतरावर येऊन अडला! मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, ही उशी परत आणायची.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे सल्लागार म्हणतात. नळ गळो, नातं तुटो, पोरगी नापास होवो, त्यांच्याकडे उपाय तयार असतो आणि तो आधी कुणावर तरी करून झालेला असतो. ते जिन्यात भेटले.

“भाऊ,” माझे दोन्ही पट्टे बघून ते हळू आवाजात म्हणाले, “गुडघेदुखी अशी पाय बदलत नाही. खरं काय ते सांगा.”

आणि मी सांगितलं! जिन्यात, कठड्याला धरून, एका दमात सांगितलं! काय हलकं वाटलं म्हणून सांगू! जगात मी एकटा नाही, सल्लागारांच्या ओळखीत निम्मी कॉलनी याच रांगेत उभी आहे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटल्या. पट्ट्यांमुळे मारता आल्या नाहीत.

“डोंगरातली मुळी आहे,” त्यांनी एक बाटली काढली. “पूर्ण नैसर्गिक. अपाय शून्य. चिमूटभर दुधातून.”

बाटलीवर एका घोड्याचं चित्र होतं. घोड्याने ती घेतली होती की नाही ते लिहिलं नव्हतं. मी चिमूटभराची मूठभर केली, कारण तुमच्या मलमाने मला एवढं शिकवलं होतं की थोडक्याने गुण येत नाही. तासाभरात तोंड लालबुंद, नाक बंद, डोकं फुटायला आलेलं आणि छातीत धाडधाड. बायको धावत आली. मला वाटलं, आली! पण ती ताप बघायला आली होती. कपाळावर ओली घडी ठेवून परत पलीकडच्या खोलीत गेली. नैसर्गिक म्हणे! पुढे हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की असल्या चूर्णांत बऱ्याचदा ताठरता आणणारी कारखान्यातली गोळीच कुटून घातलेली असते, किती घातली ते घालणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणजे मुळी डोंगरातली नसून कुणाच्या तरी मिक्सरमधली.

मग मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. अन्यायाने भरलेल्या या जगात त्या माणसाने मला एकमेव शहाणा प्रश्न विचारला आणि मी त्याच्यावरच खवळलो.

“चिठ्ठी आहे?” तो म्हणाला.

“चिठ्ठी कशाला? मी काय लहान आहे?”

“काका, रक्तदाबाचं काही चालू आहे? छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी वगैरे घेता का? ती चालू असेल तर ही चालत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा.”

“मी गोळी मागतोय, मुलाखत नाही!” असं म्हणून मी स्वाभिमानाने बाहेर पडलो. दुकानाच्या पायरीवर लंगडायला विसरलो हेही तेव्हा लक्षात आलं नाही, इतका स्वाभिमान.

सल्लागार पुन्हा धावून आले. त्यांचा पुतण्या कुठूनसा गोळ्या आणतो. कागदाच्या पुडीत काही निळसर गोळ्या, सुट्या. ना पाकीट, ना नाव. “मूळ मुळीपेक्षाही नैसर्गिक,” ते म्हणाले. याचा अर्थ मी विचारला नाही. आनंदात अर्थ कोण विचारतो? रविवारी दुपारी घरात निवांतपणा असतो. रविवारी गोळी, रविवारी उशी परत! मी मनातल्या मनात तारीख छापून टाकली.

प्रश्न होता लपवायचा. स्टोअरकीपरच्या घरात वस्तू लपवणं म्हणजे काय असतं, ते ज्याचं लग्न स्टोअरकीपरशी झालंय त्यालाच कळेल. शेवटी औषधांच्या फडताळात मागे जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची एक जुनी बाटली होती, कुणी हात न लावणारी. तिच्यात ओतल्या. स्वतःवर बेहद्द खूश झालो.

इथे सासरेबुवांची ओळख करून द्यायला हवी. ते आमच्याकडेच राहतात. बसखात्यात तिकीट तपासनीस होते, निवृत्त झाले, पण तपासणं काही सुटलं नाही. दूधवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळे विनातिकीट आहेत असं समजूनच ते बोलतात. मला ते जावईबापू म्हणतात, पण सुरात “खाली उतरा” असतं. त्यांचं हृदय नाजूक. छातीत आवळल्यासारखं झालं की जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असते. बाकीच्या गोळ्या बायको दर रविवारी सकाळी कप्प्यांच्या डब्यात भरते.

आणि त्या रविवारी सकाळी तिने फडताळ आवरायला काढलं.

दुपारी जेवण झालं. मी सहज म्हणून फडताळापाशी गेलो. बाटली ओट्यावर पालथी, धुऊन वाळत घातलेली.

“अगं, यातल्या गोळ्या?”

“बाबांच्या रक्तदाबाच्या होत्या ना त्या? तोच रंग, तोच आकार. चुकून जीवनसत्त्वात गेल्या होत्या. एका मालाला एकच कप्पा! घातल्या बाबांच्या डब्यात.”

“बाबांनी दुपारची गोळी घेतली?”

“घेऊन बागेत गेले फिरायला. का हो?”

साहेब, त्या क्षणी मला औषधवाल्याचं वाक्य जसंच्या तसं आठवलं. जिभेखालची गोळी चालू असेल तर ही चालत नाही. बाबा फिरणार. चढावर छाती आवळणार. हात सदऱ्याच्या खिशात जाणार.

मी धावलो. गेले कित्येक आठवडे दोन्ही गुडघ्यांनी अधू असलेला, छापखान्याने हलक्या कामावर बसवलेला मी, पट्ट्यांसकट धावलो! जिना उतरलो, फाटक ओलांडलं, एक पट्टा सुटून रस्त्यात पडला. रस्त्यावर भाजीची पिशवी घेतलेला मिशीवाला उभा होता. “अरे, गुडघा!” तो ओरडला. “बरा झाला!” मी धावता धावता ओरडलो. तुमच्या नोटिशीचा साक्षीदार तोच असणार. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने माझे गठ्ठे उचलले आहेत.

बागेत बाकावर बाबा छातीला हात लावून बसले होते. दुसऱ्या हातात ती छोटी गोळी. तोंड उघडलेलं. मी झेप घेऊन ती गोळी त्यांच्या हातातून उडवली.

“चोर!” बाबांनी काठी माझ्या पाठीत घातली. “जावई चोर! हृदयाची गोळी पळवतो!”

बाग गोळा झाली. सासऱ्याच्या मरणावर टपलेला जावई बघायला कोण येणार नाही? मी म्हणत होतो, “बाबा, नको, ही नको, हॉस्पिटलात चला,” आणि ते प्रत्येक शब्दाला एक काठी देत होते. सल्लागारांची गाडी मिळाली. बायको धावत आली, बाबांना पुढे बसवलं. बागेतल्या लोकांनी तिला सांगितलं होतं की मी गोळी हिसकावली. तिला कळत नव्हतं की जो माणूस बायकोपासून तोंड फिरवतो, तो आता तिच्या बापाच्या जिवावर का उठला. आणि मला कळत होतं की मी जर आता बोललो नाही तर बाबा जातील, आणि बोललो तर मी जाईन.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बाबांना खाटेवर घेतलं, नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला, छातीला वायरी डकवल्या. दाराबाहेर सल्लागार, मिशीवाला, निम्मी बाग.

“आजोबांना छातीत दुखतंय,” बाई नर्सला म्हणाल्या. “जिभेखालचा स्प्रे आणा.”

“नको!” मी ओरडलो.

“काका, तुम्ही बाहेर थांबा.”

“डॉक्टर, ते देऊ नका! त्यांनी चुकून माझी गोळी घेतली असेल!”

“कसली गोळी?”

साहेब, पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा मागे सगळी माणसं. माझी जीभ सवयीने “गुडघ्याची” असं म्हणायला उचललीसुद्धा गेली. समोर बाबा हात हलवून काहीतरी सांगू बघत होते, नर्स त्यांना “आजोबा, बोलायचं नाही” म्हणून दाबत होती. बायको माझ्याकडे बघत होती.

“ताठरता यायची गोळी!” मी म्हणालो. म्हणालो म्हणजे भोंग्याच्या वरताण म्हणालो. “माझं लिंग ताठ होत नाही, म्हणून आणली होती! नाव माहीत नाही, पुडीतली होती, या सल्लागारांनी दिली!”

सल्लागार निघून गेले. गाडीसकट.

बाईंच्या चेहऱ्यावर हसूबिसू काही नाही. “शाब्बास,” त्या म्हणाल्या. “स्प्रे नको! दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली तर रक्तदाब धाडकन खाली येतो, माणूस जातोसुद्धा. गोळी कुठली ते माहीत नाही म्हणता, मग दोन दिवस जिभेखालचं काही द्यायचं नाही. काहींचा परिणाम तेवढा टिकतो.” त्यांनी दुसरी औषधं चालू केली, यंत्रावर नजर ठेवली, आणि बाबांची छाती हळूहळू सैल झाली.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “काका, आता तुम्ही बसा.”

मी? मला तर काही झालं नव्हतं!

त्यांनी माझा रक्तदाब मोजला. जास्त. बोटातून रक्ताचा थेंब काढला. साखर भरपूर. सिगारेट किती, झोप किती, चालता किती, सगळं विचारलं. गुडघ्याबद्दल एक शब्द नाही! मी इतका खूश झालो की दिवसाला ओढतो तेवढ्या सिगारेटी प्रामाणिकपणे सांगितल्या.

“बरेचदा हे रक्तवाहिन्यांचं दुखणं असतं,” त्या म्हणाल्या. “खालच्या बारीक नळ्या आधी बोलतात, हृदयाच्या नंतर. शरीराने तुम्हाला लवकर सांगितलंय, ऐका. आधी साखर आणि रक्तदाब ताब्यात. सिगारेट बंद. हार्मोनची तपासणी करू. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असं होतं, तेव्हा तुमच्यासाठी निवडताना ते बघू. तुमच्या हृदयाला झेपतंय असं दिसलं की मी स्वतः योग्य गोळी योग्य प्रमाणात लिहून देईन. तिने नाही जमलं तर पंप आहे, इंजेक्शन आहे, शस्त्रक्रियाही आहे. मनात भीती बसली असेल तर दोघांनी बोलायला समुपदेशक आहेत. आणि गोळी घेतल्यावर चार तासांच्या वर ताठरता उतरली नाही, किंवा नजर अंधुक झाली, तर लाजत बसायचं नाही. इथे यायचं.”

चार तास! दाराबाहेर एक सामुदायिक उसासा ऐकू आला.

एवढे उपाय! साहेब, मला वाटत होतं घोडा आणि पुडी एवढंच आहे. आणि इथे एक आख्खं शास्त्र, दार लावून, खुर्ची देऊन, “काका” म्हणून समजावून सांगणारं!

बायको पुढे आली. “डॉक्टर, म्हणजे हे... माझ्यामुळे नाही?”

“तुमच्यामुळे? अहो, साखर आहे ती.”

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं रडेल. तिने माझ्या उरलेल्या पट्ट्यावर एक सणसणीत चापट मारली. “इतके दिवस मी काय काय समजत होते! आरशात बघायचंच बंद केलं मी! आणि तुम्ही गुडघा चोळून घेताय?”

“चुकलं गं.”

“गप्प बसा. घरी चला, मग सांगते.” पण हे म्हणताना तिने माझा हात धरला होता, आणि सगळ्यांसमोर धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा मुखवटा काढला. काढल्या काढल्या त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पायजम्याच्या खिशातून एक निळसर गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

“ही घ्या. कप्पा उघडला तर नवा प्रवासी दिसला. माझ्या गोळीवर मधे रेघ असते, हिच्यावर नाही. विनातिकीट. उतरवून खिशात ठेवला.”

“म्हणजे तुम्ही घेतलीच नव्हती? मग सांगितलं का नाही?”

“सांगत होतो की. तोंडावर ते लावलेलं. आणि नंतर,” बाबा उशीला टेकले, “तुम्ही इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलत होतात. म्हटलं, बोलू द्या.”

डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या की पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा असंच ओरडा. ओरडेन.

उशी परत आली. तेवढं तुम्हाला कळवतो, बाकीचं कळवणार नाही. साखर उतरतेय. सिगारेट सुटली, म्हणजे जवळजवळ. गोळी आता चिठ्ठीवर मिळते, पाकिटातली, नाव असलेली. औषधवाल्याची मी माफी मागितली.

आणि एक नवीनच धंदा मागे लागला आहे. हॉस्पिटलच्या दारातून बातमी छापखान्यात पोहोचली. मला वाटलं, आता हसतील. हसले, दिवसभर हसले. संध्याकाळी जिन्यावर एकेक जण येऊन उभा राहायला लागला. पहिला मिशीवाला आला. “त्या बाईंचा पत्ता द्या,” म्हणाला, “एका मित्राला हवाय.” मी सगळ्यांना आधी एकच विचारतो, छातीच्या गोळ्या चालू आहेत का? मग पत्ता देतो. गोळी कुणाला देत नाही.

काल तुमचा ड्रायव्हर आला, साहेब.

“एका मोठ्या माणसासाठी विचारायचंय,” म्हणाला. “ते खिडकीवर येऊ शकत नाहीत.”

“पत्ता घे. डॉक्टरीणबाई फार चांगल्या आहेत.”

“बाईंकडे ते जाणार नाहीत. सल्लागारांकडून बाटली घेतलीय त्यांनी, घोड्याची. चिमूट किती घ्यायची तेवढं सांगा.”

“अरे, त्यांना छातीचं काही आहे का? जिभेखाली काही ठेवतात का?”

तो घाबरला. “ते मी कसं विचारू? नोकरी जाईल माझी,” म्हणाला आणि निघून गेला.

तो मोठा माणूस कोण, हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. त्याची लाज मला माहीत आहे, मी तिच्यात दोन्ही पाय बांधून फिरलोय. माझ्यावर कारवाई करा, पगार कापा, मलमाचे पैसे वसूल करा, दोन्ही पट्टे साभार परत करतो. पण ड्रायव्हरला विचारायची हिंमत झाली नाही ते मी विचारतो, आणि याचं उत्तर भोंग्याच्या हाती पाठवू नका, नोटिशीच्या मागच्या बाजूला लिहू नका, आज बाटली उघडायच्या आत स्वतः येऊन सांगा: त्या माणसाच्या खिशात जिभेखालची गोळी असते का? हो की नाही?